देवराईची वाट

गोष्ट भांड्याकुंड्यांना बोलता यायचं तेव्हाची. पोपटशेटांच्या भांड्यांच्या दुकानात देवराईतल्या पायवाटेचं हुबेहूब चित्र टांगलेलं होतं. शेटनी नवा आरसा आणला, तसा तो चित्राला म्हणाला, "उद्या तुझा खिळा माझा, तू माळ्यावर! माझ्यात गिऱ्हाईक स्वतःला बघतं. तुझ्या वाटेनं कधी कोणी गेलंय का?"

तेवढ्यात डोंगरातली ठकूबाई हंडा घ्यायला आली. चित्र दिसताच थबकली आणि तिनं वहाणा काढल्या.

"आजी, असू द्या की! दुकानात सगळे घालूनच येतात."

"दुकानात येत असतील, शेट. देवाच्या रानात कोण घालून जातं?"

शेटनी आरसा समोरच्या भिंतीवर लावला. आता त्याच्याही पोटात दिवसभर तीच वाट दिसते, आणि चित्र ऐटीत बघत असतं.