चौदा खोल्या आणि एक पंखा

“…मग उद्या चौदाही खोल्यांत बसवून टाकतो. नुसतं हो म्हणा, मिस्त्री.”

दस्तगीर मिस्त्री आपल्या दुकानात जळक्या मोटारीची तांब्याची तार उलगडत होता, ती उलगडत राहिला.

विचारणारा खटावकर. बार्शीत कॉलेजात गणित शिकवतो. वायर सोलायला याच दुकानात शिकला. पुढं लॅपटॉपवर व्हिडिओ बघून बघून प्रोग्राम लिहायला लागला. माणूस खोलीत आला की पंखा सुरू, गेला की बंद. स्वतःच्या घरातल्या भिंतींवर बटण म्हणून ठेवलं नाही.

आता चौदा खोल्यांच्या वृद्धाश्रमानं बोलावलं होतं. विश्वस्तांचं म्हणणं एकच, आश्रमाची वीज बघणारा दस्तगीर हो म्हणाला तर जुनी बटणं काढू.

शिकलेल्या माणसाला अडाण्याचा होकार मागायला लागला की पोटात दुखतंच. खटावकरच्याही दुखत होतं.

“तपासलंस?” दुकानात शिकायला आलेल्याला मिस्त्री अरेतुरेच करायचा, मग तो कलेक्टर का असेना.

“तीन महिने. हे बघा.” खटावकरनं लॅपटॉप उघडून पुढं धरला. “प्रत्येक वेळची नोंद आहे. पंखा कधी लागला, कधी बंद झाला. एक चूक दाखवा.”

“मला वाचता येत नाही.”

“म्हणून तर सांगतोय ना! त्याआधी लॅपटॉपमध्ये खोटं घर केलं. त्यात खोटी माणसं सोडली. हजार वेळा चालवून बघितलं.”

“काय करतात ती माणसं?”

“येतात. जातात.”

“बसत नाहीत?”

खटावकर हसला. “बसायला कशाला पाहिजेत?”

मिस्त्रीनं तांबं खाली ठेवलं. धोतराला हात पुसले.

“चल. तुझं घर बघू.”

दुपारचे दोन. वैशाखातलं ऊन, बार्शीचं. खटावकर ताठ मानेनं पुढं चालला होता. म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला याहून बरी वेळ नव्हती.

आतल्या खोलीत त्याची आई, द्वारकाबाई, भिंतीला टेकून वाती वळत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिची बैठक तीच. डोक्यावर पंखा गरगरत होता.

“या मिस्त्री. पाणी देऊ?”

“बसा आक्का, उठू नका. आम्ही उंबऱ्याबाहेरच बरे.”

“बघा,” खटावकर म्हणाला, “ती खोलीत आहे, पंखा चालू आहे. अजून काय पाहिजे?”

मिस्त्री उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला.

पाच मिनिटं झाली…

पंखा मंदावला. थांबला.

द्वारकाबाईनं मान वर केली नाही. उजवा हात तेवढा छताकडं उचलला, दोनदा हलवला, परत कापसात घातला. पंखा सुरू झाला.

“हे काय?” मिस्त्रीनं विचारलं.

“देवाला हात करते ती. वय झालं आता. दिवसभर चालू असतं.”

“तू विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय?”

मिस्त्रीनं आवाज चढवला. “आक्का, हात कुणाला करता?”

“पंख्याला की हो!” म्हातारी हसली. “एका जागी बसलं, नुसती बोटं हलली, की त्याला वाटतं, खोलीत कोण नाहीच. हात दाखवला की बापडा फिरतो. पहिले चार दिवस घामानं भिजले. मग कळली त्याची खोड.”



“आई… तू बोलली का नाहीस?”

“काय बोलू? रात्र-रात्र डोळे फोडून केलंस. चुकलं म्हटलं असतं तर ताटावर बसला असतास का? लहानपणी एक गणित चुकलं तरी दोन दिवस उपाशी राहायचास. माझं काय, हात तर हलवायचा.”

बोलता बोलता ती वाती मोजायला लागली. चुकली. पुन्हा पहिल्यापासून.

खटावकरनं मिस्त्रीशेजारी बसून लॅपटॉप उघडला. दुपारच्या नोंदी. बंद, सुरू. बंद, सुरू. बंद, सुरू. एकही चूक नव्हती. 

“वृद्धाश्रमात चौथ्या खोलीत मोहोळचे नाना आहेत,” मिस्त्री म्हणाला. “अर्धांग झालेले. त्यांच्या जळक्या मोटारीत नवी तार मीच भरायचो.”

“सुधारतो मी, मिस्त्री. पाच मिनिटं हालचाल दिसली नाही की बंद होतो, त्याची वीस मिनिटं करतो. आत्ता, इथंच करतो. एका ओळीचं काम आहे.”

“नानांची बायको सांगत होती, दोन-दोन तास कूस बदलता येत नाही.”

खटावकरची बोटं थांबली.

“मग… माणूस नुसता असला, तर ते यंत्राला कळावं कसं?”

मिस्त्रीनं त्याच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला, मिटला आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. आत गेला. द्वारकाबाईला हाताला धरून हळूच उठवलं आणि बाहेर ओसरीच्या गार फरशीवर नेऊन बसवलं.

मग खटावकरला तिच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं.

“बस तिथं, नानांसारखा. हात मांडीखाली घाल.”