बेहड्याची ढोली

माझं शिक्षण थोडं. ऱ्हस्वदीर्घ चुकेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. गोष्ट ऐकली तशी लिहितो.

"बुवा, मंडप झाला. आता अनुग्रह कधी?"

विश्रामनं हे विचारलं तेव्हा हरेश्वरबुवा नव्या मंडपात, नव्या पत्र्याखाली बसले होते. डोंगराच्या कुशीतला लहानसा मठ. विश्राम तिथं तरुणपणापासून राबत होता. मंडप उभा राहिला की कानात मंत्र देईन, असं बुवा बोलून बसले होते. त्या एका शब्दासाठी त्याचा जीव तहानलेला.

"झाला म्हणतोस?"

"अगदी पुरा. म्हातारा बेहडा मंडपावर वाकला होता, तोही परवा पाडला. आतून पोकळ. कुणाच्या कामाचा नव्हता."

"आणि पत्रे?"

"वीटभट्टीवाल्यानं दिले. बदल्यात आपल्या डोंगरावरची पोकळ झाडं त्याला जळणाला. उद्या सकाळी त्याची माणसं येतील." विश्रामला हसू आवरेना. "निकामी झाडं गेली नि डोक्यावर छप्पर आलं. आहे की नाही अक्कल?"

"आहे बाबा. अक्कल पुष्कळ आहे."

टक्.

पत्र्यावर काहीतरी पडलं.

... टक्.

"काय रे ते?"

"फळं पडताहेत, बुवा."

"कुठल्या झाडाची? झाड तर तू पाडलंस."

दोघं बाहेर आले.

मंडपाच्या आढ्यावर धनेश पक्षी बसला होता. थोराड चोचीचा नर. मान झटकून गळ्यातलं वडाचं फळ चोचीच्या टोकाशी आणी, पुढं धरी, थांबे. घ्यायला कुणी नव्हतं. फळ सुटून पत्र्यावर पडे. मग तो उडे, बेहडा होता तिथल्या रिकाम्या हवेत घुटमळे, आणि परत येऊन बसे.

"कुणाला भरवतोय?"

विश्राम खाली बघू लागला. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते, पिसंही तिथंच गाळते. फटीतून नर भरवील तेवढंच खाते. त्या डोंगरात हे सगळ्यांना ठाऊक. विश्रामलाही होतं.

"ती आत होती, बुवा... झाडाबरोबरच गेली. पाडल्यावर दिसली."

"मग सांग त्याला."

"काय सांगू?"

धनेशानं आणखी एक फळ पुढं धरलं.

"आणि उद्याच्या झाडांत?" बुवांनी हळूच विचारलं.

"... ढोल्या बघितल्या नाहीत."

"मी झाडं लावतो, बुवा! पाऊस लागला की शंभर लावतो. हजार लावतो!"

"लाव की. त्यात पोकळ किती?"

"पोकळ झाड कुणी लावतं का?"

बुवांनी वाकून जमिनीवरचं फळ उचललं. तळहातावर ठेवलं आणि हात उंच धरला. धनेश बघत राहिला. आला नाही. तरी बुवांनी हात खाली घेतला नाही.

"माझा अनुग्रह..." विश्राम पुटपुटला.

"पोकळ झाड कसं लावायचं ते शिकून ये. मग मंत्र मी तुझ्याकडून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीटभट्टीची माणसं कुऱ्हाडी घेऊन डोंगर चढली, तेव्हा मंडपावर छप्पर नव्हतं. सगळे पत्रे उतरवून विश्रामनं वाटेवर आडवे रचले होते, आणि पत्र्यांपुढं तो हात जोडून उभा होता.