गळ्याएवढा बर्फ

हिमालयातलं एक गाव कधीकाळी फक्त वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जगायचं. तिथलं पाणीवाटप आंगदू करायचा. पेरणीआधी तो बर्फ मोजायला डोंगरावर गेला.

तिथे रोवलेली काठी म्हणाली, "बर्फ माझ्या गळ्यापर्यंत आलाय. सगळी शेतं पेरा!"

आंगदूच्या झोळीतला तराजू म्हणाला, "दादा, डबाभर बर्फ तोलून तर बघ. भुसभुशीत असेल, तर पाणी थोडंच निघेल."

"हात गारठलेत रे. आणि दिसतोय की गळ्याएवढा!" म्हणत आंगदू उतरला.

गावाने सगळी शेतं पेरली. जव पोटरीत आला, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती आणि ओढा निम्म्यावर आला.

आंगदू वर धावला. काठी बुडापर्यंत उघडी पडली होती.

"मी खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली.



आता अर्धी शेतं वाळू द्यावी लागणार होती. कोणाची, ते आंगदूलाच घरोघर जाऊन सांगायचं होतं.