पाण्यातली भाजी

एका राज्यात, जिथे राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत, तिथे मणिधर नावाचा राजा राज्य करी. त्या राज्याचं एक व्रत होतं. आषाढ लागला की होड्या वाळूत ओढायच्या, जाळी गुंडाळायची, आणि श्रावणी पुनवेला समुद्राला नारळ वाहीपर्यंत कुणी मांस खायचं नाही. राजानेही नाही.

पण राजाची जीभ माशावर होती. एका श्रावणात त्याने पंडित वाक्पतींना विचारलं, “मासा हे मांस आहे काय?”

पंडितांनी राजाच्या तोंडाकडे पाहिलं आणि हवं ते उत्तर दिलं. “महाराज, मासा चरत नाही, हंबरत नाही. ती पाण्यातली भाजी आहे.”

राजाने होडी काढवली. गाभोळीने पोट भरलेला रावस आला. राजाने मासा खाल्ला, गाभोळीतली अंडीही खाल्ली. तेव्हा समुद्रातल्या काळ्या खडकावर राहणारी मत्स्यजोगीण उठून उभी राहिली. तिचा आवाज साऱ्या राज्याला ऐकू गेला.

“माझी लेकरं भाजी असतील, तर भाजीच घ्या. पुढच्या वर्षीच्या श्रावणी पुनवेपर्यंत शाप उतरला नाही, तर समुद्र कायमचा मळा होईल.”

त्या दिवसापासून जाळ्यात पडवळं येऊ लागली. दोडके, घोसाळी, कधी भोपळा. सारं इतकं खारट की गुरंही तोंड लावीनात. राजाच्या जिभेची चव गेली. कोळीवाड्यातल्या चुली विझत चालल्या.

असं वर्ष सरत आलं. पुनवेला नऊ दिवस उरले. कोळीवाड्यात हासू नावाची सून होती. तिचा नवरा धर्मा कुऱ्हाड घेऊन निघाला. “होडीचं सरपण करतो,” तो म्हणाला, “आणि डोंगरापलीकडे जाऊ. दुसऱ्याची शेतं राखू.”

“पुनवेपर्यंत थांबा,” हासू म्हणाली.

“थांबतो. एक दिवसही जास्त नाही.”

होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, एक खंड्या पक्षी बसला होता. तो म्हणाला, “बाई, मी वर्षभर घोसाळी खातोय. माझ्या जातीत तोंड दाखवायची सोय उरली नाही. खडकाची वाट मला ठाऊक आहे. चल.”

हासू वल्हं मारीत गेली. जोगिणीने तिला एक शंख दिला. “यात तीन घास आण. व्रतासाठी सोडलेला एक. व्रतात खाऊनही व्रत न मोडणारा एक. व्रत मोडणारा एक. घास खरा असेल, तर शंख ऊन लागेल.”

पहिल्या घासासाठी हासू पंडितांच्या वाड्यावर गेली. पंडितांचा उपास होता. ताटात साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि तुपाची वाटी होती. हासूने त्यातला घास मागून घेतला. शंख गारच राहिला.

“एवढं सोडल्यावर माणसाचं पोट सुटेल नाही तर काय,” खंड्या म्हणाला.

ती घरी परतली. सासू चुलीजवळ बसून वर पाहत होती. आढ्याला एकच सुका बांगडा टांगला होता, शापाच्या आधीचा.

“आत्याबाई, हा अजून आहे?”

“आषाढ लागायच्या आदल्या दिवशी खाणार होते. पाहुणे आले, राहिला. आता रोज वास घेते. वास घ्यायला काही आडकाठी नाही ना?”

तिच्या गालांची हाडं वर आली होती. हासूने बांगड्याचा तुकडा मागितला, तो शंखात टाकला. शंख ऊन झाला.

दुसऱ्या घासासाठी ती खाडीपलीकडे गेली. तिथे पार्वी नावाची बाळंतीण होती. तिला दूध येत नव्हतं. दूध उतरावं म्हणून तिच्या आजीने वर्षभर जपलेला सुका मुशी मासा काढून रस्सा केला होता. पार्वी रडत खात होती.

“व्रत मोडलं गं माझं,” ती म्हणाली.

आजी म्हणाली, “व्रत तुझं आहे, दूध लेकराचं आहे. गप जेव.”

हासूने त्यातला घास घेतला. शंख इतका ऊन झाला की पदरात धरावा लागला.

तिसऱ्या घासासाठी ती दरबारात गेली. पुनवेला तीन दिवस होते.

“महाराज, मागच्या श्रावणातला घास द्या.”

राजा म्हणाला, “मासा भाजी आहे असं शास्त्राने सांगितलं.” शंख गार पडला.

“शास्त्राने की पंडितांनी?”

“पंडितांनी.” शंख तरीही गारच.

भालदार पुढे सरसावले. हासूची मान खाली गेली, पण पाय हलले नाहीत. “महाराज, माझ्या घरातली माणसं उपाशी आहेत. मला उत्तर नको. घास हवा.”

राजा सिंहासनावरून उतरला. तो म्हणाला, “पंडितांचा दोष नाही. मी जाणून घ्यायला विचारलं नव्हतं. मी खायला विचारलं होतं.”

त्याच्या तोंडातून गाभोळीचा घास बाहेर पडला, वर्षापूर्वीचा आणि ताजा. शंख तापला.

हासूने शंख खडकावर नेला. जोगीण म्हणाली, “आता तू सांग. मासा मांस आहे की नाही?”

“आई, मासा जीव आहे. आम्ही तो खातो, खोटं कशाला बोलू? पण दीड महिना त्याला पिल्लं होऊ देतो. म्हणून उरलेलं वर्ष तुझ्यापुढे हात पसरायला तोंड आहे आम्हाला.”

जोगिणीने शंख पाण्यात सोडला. पडवळांना कल्ले फुटले. भोपळे उलटले आणि पापलेटं होऊन बुडाले. खंड्याने सूर मारला. त्याला कुठलं व्रत नव्हतं.

कोळीवाड्याने मात्र उरलेले दिवस जाळ्याला हात लावला नाही. राजानेही व्रत पाळलं. भात-मिठाचा पहिला घास त्याला गोड लागला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

पुनवेला राजा नारळ घेऊन पायऱ्या उतरला आणि कोळ्यांच्या मागे रांगेत उभा राहिला. धर्माने होडी पाण्यात लोटली. सांज व्हायच्या आत घराघरातून धूर निघाला. त्या राज्याची ताटं भरली, तशी ऐकणाऱ्यांचीही भरोत.