शेवटच्या बाकावरचा पोरगा

एका गावात एक भोळा पदवीधर होता. पदवी घेऊनही भोळेपणा गेला नाही, म्हणून घरच्यांनी त्याला शहरात बी.एड.ला घातलं. नाव केरबा मगदूम.

गावच्या शाळेत गणिताच्या मास्तरची जागा रिकामी होती. शाळेचे चेअरमन म्हणाले होते, बी.एड. होऊन ये, जागा तुझी. नाही झालास तर माझा मेहुणा घरी बसूनच आहे. केरबाची आई तर गावभर सांगून मोकळी झाली होती. लोक केरबाला आत्ताच गुरुजी म्हणायला लागले होते. म्हणजे आता पास होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बी.एड. म्हणजे शिकवायचं कसं हे शिकायचं. तिथले प्राध्यापक तासभर व्याख्यान देतात आणि सांगतात, वर्गात तासभर व्याख्यान देऊ नये. पोरं ते मान डोलावत लिहून घेतात. मग त्यांना जवळच्या शाळेत पाठ द्यायला सोडतात.

केरबाला सांभाळायचं काम घाटगे मॅडमकडे होतं. मॅडम सांगतील ते केरबा शब्दाला शब्द पाळायचा. फक्त दुसऱ्या दिवशी पाळायचा. आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी भलतंच असायचं.

पहिला पाठ केरबानं फळ्याकडे तोंड करून दिला. पस्तीस मिनिटं जागचा हलला नाही. मुलांनी त्याची पाठ तेवढी पाहिली. मॅडमनी समजावलं, असं खांबासारखं उभं राहायचं नसतं. रांगांमधून फिरायचं, एकेकाला प्रश्न विचारायचे, उत्तर पूर्ण वाक्यात घ्यायचं.

केरबा म्हणाला, "बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या संस्थापकांची पुण्यतिथी होती. मैदानावर सगळी शाळा डोळे मिटून मौन पाळत उभी. केरबा रांगांमधून फिरू लागला. फिरत फिरत पुढं गेला, तर तिथं संस्थेचे म्हातारे सचिव, आबासाहेब, उभे. केरबानं विचारलं, "सांगा बघू, आपण इथं का उभे आहोत?"

आबासाहेब डोळे न उघडता म्हणाले, "गप्प बस."

"छान. आता हेच पूर्ण वाक्यात सांगा."

आबासाहेबांनी पूर्ण वाक्यात सांगितलं. ते वाक्य इथं लिहिण्यासारखं नाही.

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अरे, अशा वेळी एका जागी उभं राहावं, डोळे मिटावेत, तोंडातून चकार शब्द काढू नये.

केरबा म्हणाला, "बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी सातवीची मराठीची चाचणी होती आणि देखरेखीला केरबा. त्यानं पेपर वाटले, टेबलाशी ताठ उभा राहिला आणि डोळे मिटले. तासभर उघडले नाहीत. चकार शब्द काढला नाही. मुलांना इतके गुणी मास्तर जन्मात मिळाले नव्हते. निबंधाचा विषय होता 'माझी आजी'. एक्केचाळीस मुलांनी निबंध लिहिले आणि एक्केचाळीस आज्यांना डाव्या डोळ्यानं कमी दिसत होतं. एक्केचाळीसही आज्या मागच्याच दिवाळीत चकल्या तळताना घसरून पडल्या होत्या.

मॅडमनी गठ्ठा केरबापुढं आपटला. म्हणाल्या, डोळे उघडे ठेवायचे. कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावताना दिसला की मुकाट्यानं कागद काढून घ्यायचा आणि त्याला बाहेर उभं करायचं. मग तो कुणाचाही कोण असेना.

केरबा म्हणाला, "बरं मॅडम."

दुसऱ्या दिवशी कॉलेज तपासायला विद्यापीठाची समिती आली. प्राचार्यांनी आदल्या दिवशीच भिंती रंगवून घेतल्या होत्या. ग्रंथालयातली पुस्तकं वर्षात पहिल्यांदा झटकली होती. केरबाला फक्त चहा द्यायचा होता. तो ट्रे घेऊन आत गेला, तर समितीचे अध्यक्ष शेजारच्या सभासदाच्या कागदात वाकून बघत होते.

केरबानं ट्रे खाली ठेवला. अध्यक्षांचा कागद काढून घेतला. दंडाला धरून त्यांना उठवलं.

"अहो, मी अध्यक्ष आहे," अध्यक्ष म्हणाले.

"मॉनिटर असलास तरी नियम सगळ्यांना सारखा," केरबा म्हणाला, आणि त्यांना व्हरांड्यात उभं करून आला.

अध्यक्षही उभे राहिले. चौथीनंतर त्यांना कुणी वर्गाबाहेर काढलं नव्हतं, पण पायांना सवय आठवली असावी. अर्ध्या तासानं प्राचार्यांना ते हात मागे बांधून भिंतीकडे बघताना सापडले.

प्राचार्य केरबाचं नाव कमी करायला निघाले होते. मॅडमनीच हातापाया पडून थांबवलं. शेवटचा परीक्षा-पाठ तेवढा राहिला होता. त्यात पास तर केरबा गुरुजी, नापास तर चेअरमनचा मेहुणा गुरुजी.

मॅडमनी केरबाला समोर बसवलं. या वेळी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. कुणाला बाहेर काढायचं नाही. उलट शेवटच्या बाकावर जो मुकाट बसलेला असतो ना, तो कच्चा असतो. त्याच्याजवळ जायचं, प्रेमानं प्रश्न विचारायचा. चुकला तर पुन्हा विचारायचा. त्याचा कागद तिथल्या तिथं तपासायचा, लाल शाईनं गुण द्यायचे आणि खाली सही करायची. गुण देताना मात्र दयामाया नाही. ओळखीचा, नात्याचा, कुणी असो.

केरबा म्हणाला, "बरं मॅडम."

परीक्षेला बाहेरगावाहून कणबरकर सर आले. माणूस इतिहासाचा, पण विद्यापीठानं गणिताच्या पाठाला पाठवला होता. सर शेवटच्या बाकावर बसले. मांडीवर केरबाची गुणपत्रिका, शेजारी ती घालायचं पाकीट.

केरबानं त्रिकोणाचं क्षेत्रफळ असं काही शिकवलं की मुलं जांभई द्यायची विसरली. सर खूश झाले. त्यांनी पेन्सिलीनं पन्नासपैकी सेहेचाळीस गुण मांडले. पाच मिनिटं राहिली होती. केरबा नुसता गप्प बसला असता तरी गुरुजी झाला असता.

तेवढ्यात त्याचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं.

तो जवळ गेला, सरांच्या पाठीवर हात ठेवला. "पाया आठ, उंची पाच. क्षेत्रफळ किती?"

"मी परीक्षक आहे."

"ते नंतर. आधी क्षेत्रफळ."

सर गडबडले. "चाळीस."

मुलं हसली. केरबानं त्यांना दटावलं आणि पुन्हा प्रेमानं विचारलं. सरांनी बोटं मोजली. पुन्हा चाळीसच. अर्ध्यानं गुणायचं असतं हे त्यांच्या कानावर चाळीस वर्षांत आलं नव्हतं.

केरबानं त्यांच्या मांडीवरचा कागद उचलला. त्यावर सेहेचाळीस.

"बाळ, आपले गुण आपणच मांडायचे नसतात," तो म्हणाला आणि खोडरबरानं ते पुसून टाकले.

मग कागदाच्या वरचं नाव वाचलं. केरबा मगदूम. त्याला गहिवरून आलं. पोरगा आपल्याच नावाचा निघाला. पण मॅडमनी बजावलं होतं. त्यानं लाल शाईनं शून्य काढलं, 'अनुत्तीर्ण' लिहिलं, सही ठोकली, कागद पाकिटात घालून पाकीट डिंकानं बंद केलं आणि दाराशी उभ्या असलेल्या विद्यापीठाच्या शिपायाकडे दिलं. सर अजून बोटंच मोजत होते, तोवर शिपाई ते घेऊन गेलाही. बंद पाकीट विद्यापीठ कुणाला परत उघडू देत नाही.

बाहेर मॅडम पदराशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "केरबा, कसा झाला पाठ?"

"फार छान झाला मॅडम," केरबा म्हणाला. "अख्ख्या वर्गात एकटा केरबा मगदूम तेवढा नापास झाला. कच्चाच होता बिचारा."