बायजाक्काने लिहिलेलं नाव

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, इतकी मागची की तेव्हाचं एकही माणूस आता निंबळ्यात उरलेलं नाही. देशाच्या सरकारनं ठरवलं होतं, की शिकायचं वय राहून गेलेल्यांनीही शिकावं, आणि त्यासाठी गावोगाव वर्ग निघाले होते. निंबळ्याचा वर्ग देवळाच्या पारावर दुपारी भरायचा. भांगलण उरकून बायका यायच्या. त्यांत सगळ्यांत थोरली बायजाक्का. साठी उलटलेली, बोटं वाकडी झालेली, पण पाटी धरायची ती तान्हं मूल धरावं तशी.

बायजाक्का अक्षरं म्हणताना 'र' गाळायची. कुलथे गुरुजींना वाटायचं, विसरली. मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक बाई एकेक अक्षर गाळते आहे, आणि प्रत्येकीचं वेगळं. नवऱ्याचं नाव ज्यानं सुरू होतं, ते अक्षर ती तोंडात घेत नव्हती आणि पाटीवरही काढत नव्हती. धन्याचं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, हे त्या गावात पाळण्यातच शिकवलेलं असायचं. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

वर्षभरानं, भाद्रपदात, तालुक्याहून साहेब परीक्षेला आले. सरकारी कागदावर पूर्ण नाव लिहायचं होतं. एकीलाही जमलं नाही, तर वर्ग दुसऱ्या गावी जाणार होता. बायकांनी आपलं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, आणि मधली जागा कोरी सोडली.

"मधलं नाव कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ते घेतलं की मालकांचं आयुष्य तुटतंय, साहेब," बायजाक्का म्हणाली.

आणि तिचे मालक, रखमाजी, तिथंच पाराच्या कडेला उन्हाला बसले होते. छातीचं दुखणं होतं. दसरा दिसणार नाही, असं वैद्यानं सांगून टाकलं होतं. बायजाक्कानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या तीस बायांकडे. तिला वर्गही हवा होता आणि धनीही.

"लिव्ह," रखमाजी म्हणाले.

तिनं लिहिलं. असं म्हणतात, की तेवढा वेळ पिंपळाचं पानसुद्धा हललं नाही. रखमाजींनी कागद मागून घेतला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"ह्यो मी व्हय?"

बायजाक्कानं मान हलवली.

"मग उद्या बी लिव्ह."

बाकीच्या बायांनीही एकेक करून मधली जागा भरली, आणि वर्ग गावातच राहिला.

बायजाक्का रोज लिहू लागली. आधी पाटीवर, मग काव घेऊन घराच्या भिंतीवर. दसरा गेला, शिमगा गेला. असं म्हणतात, की नाव लिहिलं त्या दिवशी मरणाला त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. भिंती आतून बाहेरून भरल्या, आणि रखमाजी शंभरी ओलांडून गेले.

आजही निंबळ्यात वर्ग दुपारीच भरतो. नव्यानं येणाऱ्याला, मग तो सत्तरीचा का असेना, बायजाक्काच्या नावानं पाटी देतात आणि सांगतात, जे नाव तोंडातून निघत नाही ते आधी लिहायला शिका. कुणी वैऱ्याचं लिहितं, कुणी घर सोडून गेलेल्या भावाचं. गेल्या साली एका आजीनं विहिरीत गेलेल्या आपल्या लेकीचं नाव लिहिलं. वर्ग सुटला की पाटी परत द्यायची असते. तिच्याकडे कुणी मागितली नाही.