लंगडी तुंगी

कोल्हापूरच्या प्रदर्शनात इंदुताई सुतारांची हाताने रंगवलेली चित्रं कोपऱ्यात गेली आणि संगणकाकडून चित्रं करवून घेणाऱ्या अभिराजचा 'बाजार' दर्शनी भिंतीवर लागला. "यातली रेघ न् रेघ माझ्या कल्पनेतली," तो पाहुण्यांना ऐकवत होता.

इंदुताई गर्दीतून वाट काढत थेट चित्रापुढे उभ्या राहिल्या.

"मग ही शेळी लंगडी का?"

अभिराज अडखळला. "यंत्राला सुचलं असेल."

"ही आमची तुंगी. गाडीखाली पाय गेला होता तिचा. माझ्या प्रत्येक चित्रात ती असते, कोपऱ्यात जाऊन बघा."

पाहुणे बघून आले. प्रत्येक चित्रात तीच लंगडी शेळी होती.

"आली असेल चुकून," अभिराज पुटपुटला.

"तीन पायांवर एवढ्या लांब कशी येईल?" इंदुताई म्हणाल्या. "तिला कुणीतरी उचलून आणलंय."